काळारामच्या काळ्या पाषाणावर हिरवट झाक का येते?

पंचवटीकर: काळाराम मंदिर आणि गोदाघाटाचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो ए४ मध्ये प्रदर्शनासाठी छापायचे आहेत. प्रिंटर एप्सन एल८०५, शाई कंपनीचीच, कागद ग्लॉसी. दिवसाच्या उजेडात प्रिंट ठीक, ट्यूबलाइटखाली हिरवट. शिवाय खांबांवरचं कोरीवकाम काळ्यात बुडतं. कागद बदलू की शाई?

करडी_छटा: झाक शाईची आहे, नुसता कागद बदलून जाणार नाही. एल८०५ मध्ये काळी एकच, करडी शाई नाहीच. त्यामुळे करडा रंग बऱ्याच अंशी रंगीत शायांच्या मिश्रणातून होतो आणि प्रकाश बदलला की त्याचा तोल जातो. फाइल ग्रेस्केल केल्यानेही हे थांबत नाही.

प्रदर्शनाचे प्रिंट एप्सन पी७०० किंवा पी९०० असलेल्या ठिकाणी काढा. त्यात काळीसोबत दोन करड्या पिगमेंट (बारीक रंगकणांच्या) शाया असतात. प्रिंटरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ मोडमध्येच काढायला सांगा. नेहमीच्या कलर लॅबच्या रंगीत फोटो पेपरवर करडा रंग पुन्हा तीन रंगांतूनच बनतो.

पंचवटीकर: आणि कागद?

करडी_छटा: खांबांसाठी बरायटा (बेरियमचा थर असलेला, थोडी चकाकी असलेला कागद), फोटो ब्लॅक म्हणजे चकाकत्या कागदाच्या काळ्या शाईवर. मॅटपेक्षा काळा बराच खोल मिळतो, म्हणून पाषाणावरचे छिन्नीचे घाव सुटे दिसतात. घाटावरच्या धुक्याच्या फोटोंना मात्र कॉटन मॅट (बिनचकाकीचा कापसाचा कागद), ३०८ जीएसएम, आणि त्यासाठीची काळी शाई, मॅट ब्लॅक. अदलाबदल नको: मॅटवर फोटो ब्लॅक फिकट पडतो, ग्लॉसीवर मॅट ब्लॅक बोटाला लागतो.

गोदाकाठ: आधी चाचणीपट्टी काढा. फोटो एडिटरमधल्या ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापात ० ते ३० पर्यंत दर ३ अंकांनी एक चौकोन, ज्या कागदावर छापणार त्यावरच. १२ पर्यंतचे चौकोन एकच दिसले, तर कोरीवकामाच्या छटा एडिटरमधल्या कर्व्हने (छटा उजळ-गडद करायच्या साधनाने) त्याच्या वर उचला; शुद्ध काळा ० वरच राहू द्या. पट्टी दुसऱ्या दिवशी, हॉलमध्ये असेल तशाच दिव्याखाली बघा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ मोडमध्ये कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावरच्या रंगांची माहिती देणारी फाइल) लागत नाही. ग्रे गॅमा २.२ मधली १६ बिट टिफ, ३६० पीपीआय पाठवा.

पावसाळ्यात छापणार असाल तर कॉटन कागद दमट होऊन कडा उचलतो. हेड घासतं आणि कडेला काळा पट्टा येतो. पाकीट छापायच्या वेळीच उघडा, प्लेटन गॅप (हेड आणि कागदातलं अंतर) ‘वाइड’ ठेवा. कागदावरून मऊ ब्रश फिरवा; सुटा धागा छपाईनंतर गळला की काळ्यात पांढरा ठिपका राहतो. फ्रेम किमान २४ तासांनी करा, नाहीतर काच आतून धुरकट होते.