आईचे गुडघे, बागांची हौस आणि इटलीतली तळी: काय ठेवू, काय गाळू?

मंजिरी_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन इटलीला जातेय. भाऊ म्युनिकला असतो, आधी त्याच्याकडे मुक्काम, मग रेल्वेने मिलान आणि तिथे तीन रात्री. म्हणजे तळ्यांसाठी हातात धड दोन दिवस.

आई ७१ वर्षांची आहे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याला "चालतोय तोवर चालवू" म्हणते. सपाटीवर तासभर आरामात चालते. जिना उतरताना मात्र माझा खांदा लागतो. चर्च आणि म्युझियम म्हटलं की तिला लगेच झोप येते. पण झाडं! बाल्कनीत चाळीसेक कुंड्या आहेत, आणि दूधवाल्यालासुद्धा ती जास्वंदीवर मावा पडल्याची तक्रार सांगते. हा प्रवास खरं तर तिच्यासाठीच आहे.

एजंटने दिलेला बेत असा. पहिला दिवस कोमो तळं: व्हारेन्ना, बेल्लाजो, व्हिला कार्लोत्ता, बाल्बियानेल्लो. दुसरा दिवस माज्जोरे तळं: स्ट्रेझा, इझोला बेल्ला, इझोला माद्रे, व्हिला तारांतो आणि "वेळ उरल्यास ओर्ता", म्हणजे तिसरं तळं. मला तर वाचूनच धाप लागली. यातलं काय ठेवू आणि काय गाळू? जाणकारांनी प्लीज सांगा.

---

भटक्या_७७

ओर्ता सोडलं तर सगळं होतं की! आम्ही कोमोच्या चारही जागा एका दिवसात केल्या. सकाळी लवकरची गाडी पकडा, बोटींचं वेळापत्रक फोनमध्ये ठेवा, जेवणात वेळ घालवू नका. बाल्बियानेल्लो अजिबात चुकवू नका, फोटो अफलातून येतात.

---

बकुळ

भटक्या, तुमचे गुडघे कितीचे आहेत हो? चिडू नका, पण प्रश्न ७१ वर्षांच्या बाईंचा आहे.

मंजिरी, मी सांगलीत ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. लेक मिलानला असते, त्यामुळे चार वसंत त्या तळ्यांवर काढलेत. माझंही एक कंबरेचं दुखणं आहे, तेव्हा कुठे किती पायऱ्या आहेत ते मला फुलांच्या आधी आठवतं.

पहिल्यांदा हे लक्षात घे की या बागा डोंगरउतारावर किंवा खडकावर रचलेल्या आहेत. बाग म्हणजे मजले, आणि मजले म्हणजे जिने. व्हिला कार्लोत्ताचा तो समोरचा दुहेरी जिना फोटोत फार देखणा दिसतो, चढताना माणसाला देव आठवतो. अझेलिया बघायला मात्र तुमचाच आठवडा योग्य आहे. एप्रिलअखेर ते मे महिन्याची सुरुवात, माणसापेक्षा उंच गोल गोल कुंपणं, आणि फुलांपुढे पान दिसत नाही. बाल्बियानेल्लोला बोटीने गेलात तरी धक्क्यापासून वर चढावंच लागतं. जागा विलक्षण आहे, यात वाद नाही. शेवटचे मालक गुइदो मोन्झिनो १९७३ साली इटलीची पहिली एव्हरेस्ट मोहीम घेऊन गेले होते, त्यांचं सामान आत मांडून ठेवलंय. पण झाडांच्या बाईला तिथे झाडं कमी आणि छाटणी जास्त वाटेल. शिवाय मी गेले तेव्हा सोमवारी आणि बुधवारी बंद असायचं, आणि एजंट लोक हे कधी बघत नाहीत.

तेव्हा कोमोवर एकच बाग: व्हिला मेल्झी, बेल्लाजो. मिलानो चेंत्राले स्टेशनवरून व्हारेन्नाला साधारण तासाभराची गाडी. स्टेशनातून धक्क्यापर्यंत उतार आहे, हळूहळू जा. समोर बेल्लाजो, बोटीने पंधरा मिनिटं. तिथून काठाकाठाने सपाट चालत दहाएक मिनिटांत बागेचं दार.

नेपोलियनच्या काळात इटालियन प्रजासत्ताकाचे उपाध्यक्ष असलेल्या फ्रांचेस्को मेल्झी देरील यांनी १८०८ ते १८१० मध्ये हा व्हिला बांधून घेतला. घराच्या आत जाऊ देत नाहीत, आणि तुझ्या आईच्या दृष्टीने ते बरंच आहे. आत शिरल्याशिरल्या लहानसं जपानी पद्धतीचं तळं लागतं: कमळं, वर वाकलेले मेपल, एक पूल. पुढे पाण्याच्या कडेने प्लेन वृक्षांची लांबलचक रांग. हे आपल्या चिनारचे भाऊबंद, छाटून छाटून छत्र्या केलेले. खोडं गाठाळ, कोपरापाशी सुजलेल्या हातांसारखी. त्या रांगेत बाकं आहेत. समोर तळं, मागच्या चढावर अझेलिया आणि बुरांशची (ऱ्होडोडेंड्रॉनची) फुलं. आम्ही तिथे दोन तास नुसते बसलो होतो. माझ्या नवऱ्याने पेपर वाचला, मी एका माळ्याला पडलेल्या पाकळ्या झाडूने नव्हे, हाताने वेचताना बघत होते. तो गवतात गुडघे टेकून टोपलीत पाकळ्या टाकत होता, आणि मध्येच एक उचलून उजेडाकडे धरून बघत होता.

आता माज्जोरे. व्हिला तारांतो हे झाडांचं खरं घर आहे. नील मॅकईकर्न नावाच्या स्कॉटिश कप्तानाने १९३१ साली ही जागा घेतली आणि दोन दशकं खपून १९५२ साली लोकांसाठी उघडली. सोळा हेक्टर. मूळ बंगल्यात आता सरकारी कचेरी आहे. एप्रिलमध्ये ट्यूलिप असतात, डेलिया मात्र उन्हाळ्यात. पण सोळा हेक्टर म्हणजे सोळा हेक्टर, तासाभराच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही.

म्हणून म्हणते, इझोला माद्रे. हे बेट लोक गाळतात, कारण शेजारची इझोला बेल्ला जास्त भपकेदार आहे. धक्क्यापासून थोडा चढ आहे, पण एकदा वर पोचलं की वाटा सौम्य. तिथला काश्मीर सायप्रस आईंना दाखवच. नाव काश्मीरचं, मूळचा मात्र भूतानकडचा. १८६२ मध्ये बी आणून लावलेलं झाड, निळसर राखाडी फांद्या पाण्यासारख्या खाली ओघळलेल्या. २००६ च्या जूनमध्ये वावटळीने मुळांसकट आडवं केलं. कापून सरपण केलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी ते पुन्हा उभं केलं आणि चहूबाजूंनी पोलादी तारांनी बांधून ठेवलं. मागच्या खेपेला बघितलं तेव्हा तारा होत्याच. ऑपरेशन झालेल्या माणसाला ते झाड आपलं वाटतं, स्वानुभव.

आल्प्सच्या पायथ्याशी, ४६ अंश उत्तरेला, ताड आणि कॅमेलिया कसे जगतात, असं आई विचारतील. उत्तरेचं वारं डोंगर अडवतात आणि खोल तळं उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यात हळूहळू सोडत राहतं. कोमो ४०० मीटरहून खोल आहे. माज्जोरेकाठची माती आम्लधर्मी आणि पाऊसही भरपूर, म्हणून कॅमेलिया तिथे घराघरांत. माझ्या सांगलीच्या काळ्या मातीत मी दोन रोपं घालवली, तिसऱ्यांदा धाडस केलं नाही.

एक सावधगिरी. स्ट्रेझाच्या धक्क्यावर कप्तानाची टोपी घातलेले लोक "बोट? बेट?" करत अंगावर येतात. ते खासगी बोटवाले. पहिल्या वर्षी मी भुलले, जाता-येता तिकीट काढलं, आणि त्यांनी ठरवलेल्या वेळेलाच परत यावं लागलं. इझोला माद्रे राहूनच गेलं. सार्वजनिक बोटींची खिडकी धक्क्यावरच असते, तिथून तिकीट काढ. आणि रेल्वेचं कागदी तिकीट काढलंस तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारायला विसरू नकोस. २५ एप्रिलला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, १ मेलाही. त्या दिवशी मिलानच्या घरीच बसा.

---

मंजिरी_डोंबिवली

बकुळताई, काय लिहू! आईला मोठ्याने वाचून दाखवलं. सायप्रसच्या तारांवर म्हणाली, "बघ, त्यालाही प्लेट टाकलीय." भटक्या, तुमचेही आभार, बाल्बियानेल्लो पुढच्या वेळी नवऱ्याबरोबर.

पण इझोला बेल्ला अगदीच सोडून द्यायचं का? शेजारच्या काकू पांढऱ्या मोरांचं सांगत होत्या.

---

मालवणी_माणूस

बागांतलं मला काही कळत नाही, जेवणातलं सांगतो. तुझी आई शाकाहारी असेल तर पोलेंता (मक्याच्या पिठाची उकड) आणि रिसोत्तोवर (मऊ भातावर) भागेल. पण मंजिरी, तू खात असशील तर कोमोवर 'मिस्सोल्तीनी' मागव. तळ्यातला मासा मीठ लावून उन्हात सुकवतात आणि डब्यात तमालपत्रं घालून दाबून ठेवतात. मग निखाऱ्यावर भाजून व्हिनेगर शिंपडून देतात. पहिला घास घेतला आणि मला थेट आमच्या मागच्या अंगणातला सुका बांगडा आठवला. बायको म्हणाली, एवढे पैसे खर्चून हेच खायला आलो? मी म्हटलं, होय. नको असेल तर लोणी घातलेल्या भातावर तळलेला पेर्शिको मासा, तो काटे काढून देतात.

व्हारेन्नात बोटीला वेळ असेल तर व्हिला मोनास्तेरोही बघा. तळ्याकाठी दोनेक किलोमीटरची अरुंद बाग. एन्रिको फर्मींनी १९५४ साली तिथल्या उन्हाळी वर्गात व्याख्यानं दिली होती. मुलगा भौतिकशास्त्रवाला आहे, त्याने मला तिथे उगाच अर्धा तास उभा केला.

---

बकुळ

मालवणी, तमालपत्राचा उल्लेख केलात म्हणून माफ.

मंजिरी, इझोला बेल्ला मी गाळलं ते पायऱ्यांसाठी. मुळात तिथे खडक आणि कोळ्यांची घरं होती. कार्लो बोरोमेओने १६३२ मध्ये बायको इझाबेल्लाच्या नावाने महाल आरंभला, माती होड्यांतून वाहून आणली गेली, आणि बाग दहा मजली रचली गेली, वर एकशिंगी घोड्याचा पुतळा उभा. घराण्याचं ब्रीद काय, तर 'नम्रता'! महालातून गेल्याशिवाय बागेत जाता येत नाही, आणि महाल संपता संपत नाही. पांढरे मोर आहेत, खरं आहे. पण मोर बघायला डोंबिवलीच्या माणसाने इटलीला जावं का?

तरी एका गोष्टीसाठी मी तुला अडवणार नाही. महालातून बागेत आलात की सुरुवातीच्याच पातळीवर कापराचं झाड आहे, दोनेकशे वर्षांचं. त्यासाठी दहा मजले चढायची गरज नाही. खाली पडलेलं एखादं पान बोटांत चुरडायचं आणि नाकाशी धरायचं. मी धरलं तेव्हा डोळ्यांसमोर थेट आमच्या देवघरातलं निरांजन आणि आरतीचं ताम्हन उभं राहिलं. आईंना तेवढं करू दे. मग वरची गच्ची तू एकटी बघून ये, त्यांना खालीच बसव. मात्र त्या दिवशी हे आणि इझोला माद्रे, बस्स. मधल्या कोळ्यांच्या बेटावर जेवा.

---

मंजिरी_डोंबिवली

ठरलं. एजंटला तसं कळवलं, तो थोडा नाराज झाला. आईचे दोन प्रश्न आहेत. एक, कॅमेलियाची फांदी आणता येईल का? दोन, मेल्झीतल्या त्या बाकावर पाय वर घेऊन बसलं तर चालतं का?

---

बकुळ

फांदी आणू नका. परवान्याशिवाय झाडं, कलमं, बिया देशात आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. आणि डोंबिवलीच्या उकाड्यात ती बिचारी मे महिनासुद्धा बघणार नाही.

पाय वर घेतलेले चालतात. मी मांडी घालून बसले होते. तो माळी बघून हसला फक्त.