यश, श्रेय, कृतार्थ : आपल्या मापाने मोजायचा शब्द कोणता?

प्रश्न : स्वतः ठरवलेलं काम ठरवल्यासारखं झालं, पण कुणी वाहवा केली नाही, तर त्याला ‘यश’ म्हणावं का? ‘यश’ लिहिलं की टाळ्या वाजवणारे लोक डोळ्यांपुढे येतात. ‘समाधान’ लिहून पाहिलं, तर काम झालं की नाही हेच त्यातून कळत नाही.

प्रतिसाद १ : लोक दिसतात ते उगाच नाही. संस्कृतात ‘यशस्’ म्हणजे कीर्ती आणि ‘अपयश’ म्हणजे दुष्कीर्ती. मराठीत काम साधण्याचा अर्थ पुढे आला, तरी जुना अर्थ आत आहेच. वाक्यरचनाही पाहा : ‘मला’ यश येतं, मिळतं, लाभतं, पदरात पडतं. ते बाहेरून येतं. ‘मी काम तडीस नेलं’ यात मात्र करणारा स्वतः वाक्यात उभा असतो. तड म्हणजे काठ. नाव काठाला लागली हे नावेतल्याला कळतं, काठावर कुणी असो वा नसो. मी ‘तडीस नेणे’ सुचवेन.

प्रतिसाद २ : नाम हवं असेल तर ‘कृतार्थता’. कृत अधिक अर्थ. अर्थ म्हणजे इथे हेतू. ज्याचा हेतू साधला तो कृतार्थ, जे करायलाच हवं ते करून झालं तो कृतकृत्य. अडचण अशी की ‘आपल्या येण्याने कृतार्थ झालो’ अशा समारंभी वाक्यांनी हा शब्द ‘उपकृत’च्या जवळ नेऊन ठेवलाय. उपाय सोपा आहे, हेतू वाक्यातच सांगा : ‘वर्षभर रोज दोन पानं लिहायची होती, लिहिली, कृतार्थ वाटतं.’ किरकोळ कामाला मात्र तो भारी पडतो, तिथे ‘जमलं’, ‘साधलं’ पुरे.

प्रतिसाद ३ : ‘श्रेय’चा प्रवास तर फार बोलका आहे. कठोपनिषदात श्रेय म्हणजे खरोखर हिताचं आणि प्रेय म्हणजे केवळ आवडीचं. आज श्रेय ‘दिलं’, ‘घेतलं’, ‘लाटलं’ जातं, आणि बातम्यांत श्रेयवाद रंगतो. आतलं मोजमाप सांगणारा शब्द पुरता बाहेर गेला. म्हणून ‘श्रेय मिळालं नाही’ आणि ‘काम साधलं नाही’ यांची गल्लत करू नये.

प्रश्नकर्ता : सगळ्यांचे आभार. ‘स्वयंमान्यता’ असा शब्द घडवला तर?

प्रतिसाद २ : नको. मान्यता देणारा वरचा कुणीतरी लागतो, ‘मान्यताप्राप्त’ आठवा. ‘स्वयं’ जोडलं की स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र दिल्यासारखं वाटतं. ‘कामाची पावती’चंही तेच, पावती फाडणारा दुसराच असतो.

प्रतिसाद १ : त्यापेक्षा ‘ग्वाही’ घ्या. शब्द फारसीतून आलेला, अर्थ साक्ष. तुकोबांनी नेमक्या याच अर्थाने वापरलाय : ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.’ बातम्यांत ‘ग्वाही दिली’ म्हणजे आश्वासन दिलं, पण ‘मन ग्वाही देत नाही’ या बोलण्यात जुना अर्थ शाबूत आहे. तेव्हा ‘काम मनासारखं तडीस गेलं, अशी माझं मन ग्वाही देतं’ असं लिहा. परीक्षा, निवडणूक, स्पर्धा, जिथे निकाल दुसऱ्यानेच लावायचा असतो, तिथे ‘यश’ बिनधास्त वापरा.