रस आहे, पण गाडी धरायची असते

‘कॉलेजात नवीन मुलांच्या स्वागताला, ओळखीला उद्बोधन वर्ग ठेवला तरी गावाकडची मुलं दुपारीच पळतात, त्यांना रसच नसतो’ हे इथल्या चर्चेतलं मत अजिबात पटलं नाही. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून रोज ये-जा करणाऱ्यांचा दिवस एसटीवर बेतलेला असतो. फाट्यापर्यंत दहा गाड्या मिळतील, पण आत गावात जाणारी एखादीच.

त्यात मुलींचं आणखी एक आहे, ते इथे कुणी मांडलं नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत असतो. पदवीला प्रवेश घेतला की तो संपतो आणि 66.67 टक्के सवलतीचा विद्यार्थी पास काढावा लागतो. म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा घरावर नव्याने पडतो, तोही नेमका फी भरून हात रिकामे झाल्यावर! आमच्या कॉलेजात सीनियर मुली प्रवेशाच्या खिडकीशेजारी टेबल टाकून नवीन मुलींचे पासचे अर्ज भरून देतात, बोनाफाईडवर तिथेच सही-शिक्का मिळवून देतात. ओळखी तिथेच होतात. पुढे वर्ग सापडेना, विषय बदलायचा असला की त्याच मुलींना बिनधास्त फोन जातो. स्वागताची भाषणं सकाळी अकराला उरका, आणि हे टेबल मात्र महिनाभर ठेवा.