सौरवाऱ्याच्या वेगाचा अंदाज: साधं मॉडेल पुरतं का?

तेजोवलय (प्रश्न)
नमस्कार मंडळी, पायथॉनमध्ये सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाच्या वेगाचं छोटं मॉडेल लिहायला घेतलंय. सूर्यापासून ३० सौरत्रिज्या अंतरावरचे वेग घेतले आणि प्रत्येक पुंजका तोच वेग धरून पृथ्वीपर्यंत जाऊ दिला. ४०० किमी/सेकंदवाल्याला साधारण पावणेचार दिवस लागतात, ८०० वाल्याला दोनपेक्षा थोडे कमी, म्हणजे मागून निघालेला वेगवान वारा पुढच्याला ओलांडून जातो आणि एकाच वेळी पृथ्वीपाशी दोन दोन वेग दिसायला लागतात. हे तर प्रत्यक्षात होत नसणार ना? मग पूर्ण एमएचडी (वारा आणि चुंबकीय क्षेत्र दोन्हींची समीकरणं एकत्र सोडवणारं) मॉडेलच चालवायचं की मधला काही रस्ता आहे? सुपरकॉम्प्युटर काही हाताशी नाही.

भास्कर
नाही होत. वाऱ्यातला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) चुंबकीय क्षेत्राला बांधलेला असतो, त्यामुळे एक पुंजका दुसऱ्यातून आरपार जाऊ शकत नाही. एका लेनच्या रस्त्यावर मागची गाडी वेगात आली तर पुढचीला ढकलणार आणि स्वतःही हळू होणार, तसंच इथे होतं. मधला रस्ता आहे आणि चांगला आहे. रायली आणि लायोनेलो यांनी २०११ मध्ये एचयूएक्स नावाचं साधं मॉडेल मांडलं, त्यात दाब, गुरुत्वाकर्षण, चुंबकीय बल सगळं गाळून फक्त वेगाचं बर्गर्स समीकरण (वेगवान प्रवाह हळू प्रवाहाला कसा गाठतो ते सांगणारं) ठेवलंय. पुढे २०२० मध्ये मॅथ्यू ओवेन्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं काळानुसार बदलणारं रूप केलं, एचयूएक्सटी, ते साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत पळतं आणि पायथॉनमध्येच आहे, नक्की बघा.

तेजोवलय
पण भास्करदादा, इतकं गाळून उरतं काय? गुरुत्वाकर्षणच नाही म्हणजे जरा जास्तच वाटतंय.

भास्कर
हिशोब करून बघा ना. सूर्याच्या पृष्ठभागावर सुटकेचा वेग ६१८ किमी/सेकंद आहे, ३० त्रिज्यांवर तो साधारण ११३ वर येतो. वारा ४०० नी वाहतोय, म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात गुरुत्वाकर्षणाचा वाटा जेमतेम ८ टक्के. शिवाय तिथे वारा ध्वनीच्या आणि अल्फव्हेन लहरींच्याही (प्लाझ्मातल्या चुंबकीय लहरी) वेगापेक्षा पुढे असतो, त्यामुळे बाहेरची बातमी आत पोचतच नाही, आतल्या सीमेवर वेग दिला की पुढचं सगळं त्यावरूनच ठरतं. ३० त्रिज्यांच्या पुढेही वारा थोडा वेग घेत राहतो, ती वाढ एका छोट्या सूत्राने घालतात, कमाल १५ टक्के, ती विसरू नका नाहीतर सगळेच वेग कमी येतील. आणि वेगाचा डेरिव्हेटिव्ह (अंतरानुसार होणारा बदल) नेहमी वारा जिकडून येतो त्या बाजूने घ्या, दुसऱ्या बाजूने घेतलं तर आकडे उधळतात. काळाची पायरीही जपून: एचयूएक्सटीमध्ये १.५ सौरत्रिज्येची जाळी आणि २००० किमी/सेकंद कमाल वेग धरून ती साधारण ८.७ मिनिटं येते.

ध्रुवतारा
भास्करचं सगळं बरोबर, पण माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. ३० त्रिज्यांवरचे वेग तुम्ही आणलेत कुठून? बहुतेक डब्ल्यूएसए या मॉडेलमधून. म्हणजे पृष्ठभागाचा मॅग्नेटोग्राम (चुंबकीय क्षेत्राचा नकाशा), त्यावर २.५ त्रिज्यांपर्यंतचं पोटेन्शियल फील्ड (विद्युतप्रवाह नाहीत असं धरून काढलेलं चुंबकीय क्षेत्र), मग चुंबकीय रेषांची नळी वर जाताना किती फुगते आणि कोरोनल होलच्या (जिथून वेगवान वारा निघतो त्या भागाच्या) कडेपासून किती दूर आहे यावरून वेगाचं अनुभवजन्य सूत्र. यात सूर्याची पलीकडची बाजू दिसतच नाही, तिथला नकाशा कित्येक दिवस जुना असतो. तिथे चूक झाली तर एमएचडी मॉडेलही ती चूक इमानेइतबारे पृथ्वीपर्यंत पोचवेल. म्हणून मला साधं मॉडेल जास्त मोलाचं वाटतं: आतल्या सीमेवरचे वेग थोडे थोडे हलवून शेकडो रन काढा आणि अंदाजाबरोबर अनिश्चिततेचा पट्टाही द्या, जड मॉडेलला ते एवढ्या स्वस्तात जमत नाही.

मर्यादाही लक्षात असू द्या, यातून फक्त वेग मिळतो. चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलंय की नाही हे कळत नाही, त्यामुळे भूचुंबकीय वादळ किती मोठं होईल ते एवढ्यावर सांगता येणार नाही.

तेजोवलय
दोघांचे मनापासून आभार, आता उलगडा झाला. अंदाज चांगला आलाय हे तपासायचं कसं? आरएमएसई (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढला की पुरे?

ध्रुवतारा
एकट्यावर विसंबू नका. वेगाचं शिखर अगदी बरोबर काढलंत पण एक दिवस उशिरा, तर आरएमएसई दोनदा दंड करतो, एकदा शिखर चुकलं म्हणून आणि एकदा नको तिथे दाखवलं म्हणून. मग सपाट रेषाच जास्त गुण घेऊन जाते. शिखरं वेगळी ओळखून त्यांची वेळ आणि उंची तपासा. आणि तुलनेला २७ दिवसांपूर्वीचा मोजलेला वेग जसाच्या तसा ठेवा, कारण पृथ्वीवरून पाहताना सूर्य तेवढ्याच दिवसांत फिरून येतो. सौरचक्राच्या किमान काळात, म्हणजे सूर्य सर्वात शांत असताना, तर हा फुकटचा अंदाज हरवणं फार कठीण जातं.

भास्कर
हो, आणि सीएमई (सूर्यातून अचानक उसळणारे प्लाझ्माचे मोठे लोट) असलेले दिवस निदान सुरुवातीला बाजूला काढून तपासा, ते तुमच्या मूळ वाऱ्यात धरलेलेच नाहीत.