मदत हवी आहे: ग्राफमध्ये दुसरं उत्तर येतच नाहीये

गडबडगुंडा:
कुणीतरी पटकन सांगा, मुलाला उद्या सकाळी वही द्यायचीय. वर्गसमीकरण ग्राफ काढून सोडवायचंय. पुस्तकात मागे दोन उत्तरं आहेत, आमच्या ग्राफवर एकच येतंय. तीनदा काढला. पुस्तक चुकलंय का?

तर्रीबाज:
समीकरण कोणतं ते तर सांगा!

जुना_मास्तर:
ग्राफ कशाला? अवयव पाडा, नाही पडले तर सूत्र घाला. आमच्या बोर्डात वर्गसमीकरणाला अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र एवढंच. आलेख रेषीय समीकरणांना.

गडबडगुंडा:
सर, आम्ही इंग्लंडात आहोत, जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचा, अभ्यास आहे. प्रश्नातच ग्राफने सोडवा म्हटलंय.
क्ष² − २क्ष − ३ = ०
उत्तर ३ आणि −१. आम्हाला नुसतं ३ मिळतंय.

लिंबूटिंबू:
एकच उत्तर म्हणजे विवेचक (b² − 4ac) शून्य. पॅराबोला, म्हणजे ग्राफचा वक्र, क्ष-अक्षाला फक्त टेकतो.

तर्रीबाज:
लिंबूटिंबू, आकडे घालून बघ की. ४ + १२ = १६. अक्षाला दोन ठिकाणी छेदणारच, तीच दोन उत्तरं.

आळशी_कासव:
जिओजेब्रात (ग्राफ काढणारं ॲप) टाका, दोन सेकंदांत मोकळे व्हाल.

गडबडगुंडा:
हाताने काढायचाय हो, वहीत!

टीपकागद:
ठिपके पट्टीने जोडले असणार. पॅराबोला मोकळ्या हाताने काढायचा, टोकदार पेन्सिलीने. आम्हाला परीक्षेत ग्राफचा कागद पुरवणीसारखा दोऱ्याने बांधावा लागायचा. माझा एकदा सुटून पर्यवेक्षकांच्या टेबलाखाली गेला होता.

तर्रीबाज:
दोरा राहू दे. ताई, य = क्ष² − २क्ष − ३ धरून य च्या किमतींचं टेबल टाका.

गडबडगुंडा:
क्ष: −२, −१, ०, १, २, ३, ४
य: −३, −२, −३, −४, −३, ०, ५

तर्रीबाज:
सापडलं! उजवी बाजू बरोबर आहे, डावी बिघडलीय. तळ क्ष = १ वर आहे ना? मग तिथून दोन्हीकडे सारख्या अंतरावर य सारखाच यायला हवा. ० आणि २ ला −३, जमलं. ३ ला ० आहे, तर −१ लाही ० हवा. तुमच्याकडे −२. वर्ग कॅल्क्युलेटरवर केला का?

गडबडगुंडा:
हो. −१ दाबून वर्गाचं बटण. −१ येतं.

तर्रीबाज:
तो आधी १ चा वर्ग करतो, मग उणे लावतो. (−१) कंसात टाका. १ + २ − ३ = ०. तसंच −२ ला ४ + ४ − ३ = ५.

जुना_मास्तर:
म्हणजे दोष कॅल्क्युलेटरचा. तोंडी केलं असतं तर? आणि मुळं ३.२४ सारखी आली तर ग्राफवर काय वाचणार?

तर्रीबाज:
३.२ वाचायचं, सर. ग्राफने अंदाजेच उत्तर येतं, त्या प्रश्नात मागतातही तेवढंच.

जुना_मास्तर:
अंदाजपंचे गणित!

गडबडगुंडा:
−१ आलं!! तर्रीबाज, खूप आभार. पोरगा झोपलाय, सकाळी उठवून खोडायला लावते. शाईने काढलाय हो त्याने.

टीपकागद:
शाईने?? ग्राफ??