एअर रायफलच्या पोरांना ५० मीटरला कसं न्यायचं?

घोडबंदर_कट्टा:
ठाण्यातल्या बॅचमध्ये बारा-चौदा पोरं-पोरी आहेत, दहा मीटर एअर रायफलला चौघींचा स्कोर ६१०च्या वर जातो. पण ५० मीटर प्रोनला, म्हणजे पालथं झोपून मारायच्या मॅचला, नाव द्या म्हटलं की सगळे गप्प. पालक आधी परवान्याचं विचारतात, मग पैशांचं. स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं ब्राँझ सांगून झालं. टाळ्या वाजवल्या आणि परत दहा मीटरला. सुरुवात नेमकी कशी करून द्यावी?

वाशी_प्रोन:
कुसाळेचं ब्राँझ थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या मॅचचं. प्रोनसाठी तेजस्विनी सावंतचं नाव घ्या, २०१०चं म्युनिकचं जगज्जेतेपद प्रोनचंच होतं.

परवान्याचं पहिल्याच मिनिटाला सांगून टाका. ५० मीटरच्या पॉइंट टू-टू रायफलला परवाना लागतो, पण तो स्वतःची रायफल घेताना. क्लबच्या परवान्यावरची रायफल क्लबच्या रेंजवर कोचसमोर चालवता येते. जॅकेट आहेच, स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) आणि हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर) क्लबचे द्या. खरेदीचं नावच काढू नका.

पहिल्या दिवशी दहा साइटर (स्कोरमध्ये न धरलेले चाचणीचे शॉट), वीस शॉट, बस. पूर्ण मॅच म्हणजे ६० शॉट, ५० मिनिटं. नवख्याच्या डाव्या हाताला अर्ध्या तासात मुंग्या येतात आणि तो पुन्हा फिरकत नाही. मुंग्या आल्या किंवा फोरसाइट (नळीच्या टोकाची साइट) हृदयाच्या ठोक्याबरोबर उडू लागली, तर स्लिंग दंडाच्या बाहेरच्या बाजूला वर सरकवा, एक भोक सैल करा. फार सैल नको, कोपरापुढचा हात जमिनीशी ३० अंशांच्या खाली गेला की नियमात बसत नाही.

कोलशेत_डायॉप्टर:
फोरसाइटमधली रिंग बदलली का? १० मीटरच्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमी, ५० मीटरचा ११२.४. आकडा मोठा, पण अंतर पाचपट, म्हणून डोळ्याला तो पाऊणच दिसतो. जुन्याच रिंगमध्ये काळा भरकटतो, ग्रूप (शॉटचा पुंजका) फाटतो आणि पोरगी म्हणते गोळ्याच खराब आहेत. ॲडजस्टेबल रिंग लावा, नाहीतर दोन-तीन लहान मापं हाताशी ठेवा.

आणि वारा. ताशी १५ किमीचा आडवा वारा गोळी साधारण दोन सेंटिमीटर ढकलतो. टार्गेटच्या रिंगा आठ-आठ मिलिमीटरच्या, म्हणजे दहाचा सरळ आठ. उजवीकडचा वारा डावीकडे नेतो आणि किंचित वरही. जास्त वेगाच्या गोळीला वारा कमी लागतो हा गैरसमज. ध्वनीच्या वेगाजवळ ती उलट जास्त वाहते.

घोडबंदर_कट्टा:
वरळीच्या रेंजवर न्यायचं ठरवतोय. तिथे उन्हं चढली की खारे वारे सुरू. मग सकाळीच आटपायचं?

वाशी_प्रोन:
पहिल्या दोन खेपा सकाळी नऊच्या आत. तिसरी मुद्दाम अकराला. जोड्या लावा, एक वाऱ्याचा झेंडा वाचेल, दुसरा मारेल. झेंडा एका दिशेला असताना पाच शॉट, क्लिकला (साइट सरकवायच्या बटणाला) हात लावायचा नाही. झेंडा फिरला की पुन्हा पाच. दोन ग्रूपमधलं अंतर मिलिमीटरमध्ये वहीत लिहायचं, मग अदलाबदल. बंद हॉलमध्ये हा खेळच नाही. इथेच पोरं अडकतात. तिथल्या तिथे जोड्यांची वीस शॉटची क्लब मॅच ठेवा, नाव देणारे आपोआप निघतात.

कोलशेत_डायॉप्टर:
पावसाळ्यात बॅरलला तेल लावून ठेवलेलं असणार. ते पुसून पाच-सहा गोळ्या वाया घालवल्याशिवाय साइटर मोजू नका, पहिल्या दोन-तीन भलतीकडे जातात आणि नवखं पोर उगाच क्लिक फिरवत बसतं.