लेकीने सिंगल्स सोडून फक्त डबल्स खेळावं का? (सांगली)

विश्रामबागची_आई (सांगली)

नमस्कार. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, अकरावी सायन्सला. लहानपणापासून बॅडमिंटन खेळते. सिंगल्समध्ये डिस्ट्रिक्टला फायनलपर्यंत जाते, पण स्टेटला पहिल्या-दुसऱ्या राउंडला हरून परत येते. डबल्सचं मात्र वेगळंच आहे. गेल्या वर्षी कराडच्या एका मुलीबरोबर जोडी लावली आणि दोघी स्टेटला सेमीफायनल खेळल्या. आता सर म्हणतात, सिंगल्स बंद करा, हिला डबल्सचीच प्लेअर करू.

घरात दोन मतं आहेत. माझे दीर कॉलेजला खेळलेले आहेत, ते म्हणतात, "सिंगल्स जमत नाही तेच डबल्सला जातात." मिस्टरांचा मार्केट यार्डात हळदीचा छोटा व्यवसाय आहे, त्यांना खर्चाची काळजी. शटलचे भाव कुठे गेलेत ते तुम्हाला माहीत आहेच. माझे प्रश्न साधे आहेत: डबल्समध्ये खरंच करियर होतं का? बक्षीस निम्मं होतं का? पुण्याला पाठवावं का? आणि बारावीचं काय करायचं? ज्यांनी स्वतः खेळलंय त्यांनी कृपया सांगावं.

मिरज_जंक्शन

वहिनी, मी नोकरीपुरतं सांगतो. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, बँका यांच्याही खेळाडू भरत्या निघतात. पदक डबल्सचं आहे म्हणून कुणी कमी लेखत नाही. मात्र स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची हवी आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र, ड्रॉची (कोण कुणाशी खेळलं त्या तक्त्याची) प्रत, पेपरातलं कात्रण आजपासून एका फाइलमध्ये लावा. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याचा अर्ज शाळा-कॉलेजातून वेळेत गेला पाहिजे, इतकं बघा.

बाकी माझं मत विचाराल तर सिंगल्स सोडू नये. पायांची चाल सिंगल्सनेच तयार होते.

शाहू_स्टेडियमची_ताई (सातारा)

मी साताऱ्याची. युनिव्हर्सिटीला आणि स्टेटला बरीच वर्षं विमेन्स डबल्स आणि मिक्स्ड (एक मुलगा-एक मुलगी अशी जोडी) खेळले, आता सकाळ-संध्याकाळ मुलांना शिकवते. जरा मोठं लिहिते आहे, कारण हा प्रश्न माझ्याकडे दर सीझनला कोणीतरी पालक घेऊन येतात.

आधी तुमच्या दिरांबद्दल. तुम्ही सांगलीच्या, म्हणून मुद्दाम सांगते. नंदू नाटेकर सांगलीतच जन्मले, १९३३ साली. १९५६ ला मलायात (आताच्या मलेशियात) सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि १९६१ चा पहिला अर्जुन पुरस्कारही त्यांना. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यांनी राष्ट्रीय स्पर्धा सिंगल्सला सहा वेळा जिंकली तशीच मेन्स डबल्सलाही सहा वेळा जिंकली, आणि मिक्स्ड पाच वेळा, हे फारसं कुणी सांगत नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडला आपल्या प्रदीप गंधे यांनी लेरॉय डिसा यांच्याबरोबर ब्राँझ आणलं, तेही डबल्सचं. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०११ ला जागतिक स्पर्धेत ब्राँझ घेतलं. आणि आता सात्विक-चिराग: २०२२ चा थॉमस कप (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा), २०२३ ला एशियाडचं सुवर्ण, त्यानंतर जगात पहिला नंबर. त्यातला चिराग शेट्टी मुंबईचा पोरगा. याला कोण काय न जमलेलं म्हणणार?

डबल्सचं कामच निराळं आहे. सर्व्हिसचा चौकोन मागून ७६ सेंटिमीटरने आखूड आणि बाजूने ४६ सेंटिमीटरने रुंद. म्हणजे उंच सर्व्हिस मारून वेळ काढता येत नाही, नेटला घासून जाणारी छोटी सर्व्हिस करावीच लागते, आणि समोरची मुलगी रॅकेट वर करून रेषेपाशी टपून उभी असते. सर्व्हिस, रिटर्न आणि तिसरा फटका, इथे अर्धी मॅच ठरते. माझ्या मुलींना मी रोज नुसती सर्व्हिस करायला लावते, कंटाळून रडकुंडीला येईपर्यंत. मात्र सात्विक-चिरागचे व्हिडिओ बघून मुलींच्या डबल्सचा अंदाज बांधू नका. मुलांचं धडाधड संपतं. मुलींच्यात स्मॅशवर पॉइंट लवकर मिळत नाही, रॅली लांबत जाते, बचाव करता करता मांड्या भरून येतात. तिथे जिचा धीर सुटत नाही ती जिंकते. तुमच्या सरांना बहुधा तुमच्या मुलीत हेच दिसलं असेल. त्यांना नेमकं विचारा की काय दिसलं. उत्तर "सिंगल्स जमत नाही" एवढंच आलं तर मात्र थांबा.

आता पार्टनर. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच. डबल्समध्ये जागतिक क्रमवारीचे गुण जोडीचे असतात. जोडी फुटली की ते गुण घेऊन दुसरीकडे जाता येत नाही, नव्या पार्टनरबरोबर पुन्हा खालून चढायचं. माझ्या पार्टनरचं लग्न ठरलं आणि ती बेळगावला गेली तेव्हा आम्ही दोघी खेळाच्या अगदी भरात होतो. तिचं चांगलं झालं याचा आनंद मला आजही आहे, पण त्यानंतर मी ज्या मुलींबरोबर खेळले त्यांच्याबरोबर मधल्या शटलला "माझं" म्हणून ओरडावं लागायचं. तिच्याबरोबर तसं कधी लागलं नाही. मी पुढे सरकले की ती मागे गेलेलीच असायची.

सात्विक आणि चिराग यांचं बघा. सात्विक अमलापुरमचा, चिराग मुंबईचा, दोघांचे पार्टनर आधी वेगळे होते आणि दोघंही मागून मारणारे. त्यांना एकत्र आणलं ते मलेशियाचे कोच टॅन किम हर यांनी. सात्विक तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता, तुमच्या मुलीएवढाच. दोघांपैकी एकाने नेटजवळचं काम अंगी बाणवावं लागलं, ते चिरागने केलं. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकला गटातल्या तीनपैकी दोन मॅच जिंकूनही ते बाहेर पडले, तरी एकमेकांना सोडलं नाही. पुढचं सगळं त्यानंतर आलं.

पैशाचं सरळ सांगते. वर्ल्ड टूरच्या (जागतिक संघटनेच्या स्पर्धांच्या मालिकेतल्या) लहान स्पर्धेत सिंगल्सच्या विजेत्याला एकूण रकमेच्या ७.५ टक्के मिळतात आणि डबल्सच्या जोडीला ७.९ टक्के. म्हणजे एक लाख डॉलरची स्पर्धा असेल तर सिंगल्सवालीला ७,५०० डॉलर आणि डबल्सवालीला तिच्या वाट्याचे ३,९५०. प्रवास, फिजिओ, गटिंग (रॅकेटच्या तारा), बूट यांचा खर्च काही निम्मा होत नाही. हा अन्याय आहे आणि मला त्याचा राग येतो. म्हणून बक्षिसावर घर चालेल असं धरू नका, नोकरी किंवा स्पॉन्सर हाच खरा आधार. उलट बाजूही आहे: अर्धंच कोर्ट सांभाळायचं असल्यामुळे डबल्सवाल्या जास्त वर्षं टिकतात. अश्विनी पोनप्पा २०१२ आणि २०१६ चं ऑलिंपिक ज्वालाबरोबर खेळली आणि २०२४ ला पॅरिसला तनिषा क्रास्टोबरोबर, वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

मिरजच्या दादांचं पायांबद्दलचं म्हणणं मला पटतं, पण अर्धं. सिंगल्सचा सराव अंडर-नाइन्टीन संपेपर्यंत राहू द्या, आठवड्यातून दोनदा तरी. डिस्ट्रिक्टला खेळू दे. स्टेटला मात्र सिंगल्सची एंट्री घालू नका. एका दिवशी सिंगल्स, डबल्स, मिक्स्ड असं तिन्ही खेळून संध्याकाळच्या डबल्सला पाय ओढत उतरलेल्या मुली मी फार बघितल्या आहेत, आणि गुडघे तिथेच जातात.

पुण्याला आत्ता नको. एकटीला तर नकोच, कारण तिथे रोज वेगळ्या मुलीबरोबर खेळवतील. जायचंच झालं तर दोघींनी एकत्र, बारावीनंतर. तोवर सुट्टीत एखादा कॅम्प पुरे. शटलचं म्हणाल तर मल्टीशटलच्या सरावाला (एकामागून एक शटल टाकून करतात त्याला) जुनी वापरा, नवा डबा फक्त मॅचसाठी फोडा.

विश्रामबागची_आई (सांगली)

ताई, खूप मनापासून लिहिलंत. सरांना विचारलं. ते म्हणाले, "ही घाबरत नाही, वीस-एकोणीसला पण हिची सर्व्हिस थरथरत नाही." ऐकून मला भरून आलं.

पण एक अडचण आहे. कराडची मुलगी डावखुरी आहे, आणि कोल्हापूरच्या एका क्लबने तिला विचारलंय की आमच्या मुलीबरोबर खेळ. तिचे वडील विचारात पडलेत. आम्ही काय बोलणार? त्यांच्या मुलीचं भलं त्यांनी बघायचं ना?

शाहू_स्टेडियमची_ताई (सातारा)

डावखुरी म्हणजे त्यांना विचारणा होणारच. डावी-उजवी जोडी असली की दोघींचे फोरहँड वेगवेगळ्या बाजूला येतात आणि समोरच्याला बॅकहँडचा कोपरा शोधत बसावं लागतं. अशी जोडी सहज जुळत नाही.

गप्प बसू नका. मिस्टरांना घेऊन एखाद्या रविवारी कराडला जा, त्यांच्या घरी. सरांना नेऊ नका, कोच समोर असले की पालक मोकळे बोलत नाहीत. मुलींना मात्र बसवा. चार गोष्टी स्पष्ट बोला: अंडर-नाइन्टीन संपेपर्यंत दोघी एकत्र खेळणार का, एकीला दुखापत झाली तर दुसरीने तेवढ्या काळापुरतं कुणाबरोबर खेळायचं, बारावीच्या वर्षात कोणत्या स्पर्धा सोडायच्या, आणि प्रवासाला आलटून पालटून एकच पालक जाणार का. शेवटच्या गोष्टीने दोन्ही घरांचा खर्च बराच उतरतो. आम्ही तसंच करायचो, एकदा माझे वडील, एकदा तिची आई, कोयना एक्स्प्रेसने मुंबईला.

कोल्हापूरच्या क्लबमध्ये सोयी चांगल्या असतील तर तेही विचारा की दोघींना घेतील का. कराडच्या मुलीला सांगलीपर्यंत यायला किती वेळ जातो तेही बघा. रोज तीच येत असेल तर आठवड्यातून दोन दिवस तुमच्या मुलीला कराडला पाठवा. तिच्या वडिलांना तुमच्या बोलण्यापेक्षा त्याने जास्त कळेल. भेट झाली की इथे लिहा, सरावाचं वेळापत्रक मी करून देते.